मिळून राहावे, पण आपलेपण राखावे
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आज या व्यासपीठावरून चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली, हा आमचा मोठा गौरव आहे. आम्ही विद्वान नव्हे, वक्तेही नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक होऊन व पुढे अध्यापक विद्यालयातील दोन वर्षांचा अभ्यास पुरा करून आम्ही प्राथमिक शिक्षक झालो, आणि अडतीस वर्षे मुलांना बाराखडी व पाढे शिकवून निवृत्त झालो. तेव्हा आमच्या बोलण्यात पांडित्य शोधू नये. जे पाहिले, जे वाचले आणि जे चुकले, तेवढेच आम्ही आपणांपुढे ठेवणार आहोत.

विषय आम्ही स्वतः निवडला असे नाही. तो एका तरुणाने आमच्या पदरात टाकला. आपल्याच समाजातील एक मुलगा, आमचा विद्यार्थी, नोकरीनिमित्त बंगळुरास असतो. गेल्या दिवाळीत तो पाया पडावयास आला. बोलता बोलता म्हणाला, “गुरुजी, तिकडे चार प्रांतांची माणसे एकत्र राहतात. त्यांच्यात मिसळावे तर आपण आपले उरत नाही असे वाटते, आणि आपले धरून बसावे तर एकटे पडतो. किती बदलावे आणि कोठे थांबावे?” त्या दिवशी आम्ही त्याला लाडू खावयास दिला, पण उत्तर देता आले नाही. त्यानंतर जे काही विचार मनात आले, तेच आजचे हे भाषण होय.

बंधुभगिनींनो, आपण शिंपी. आपल्या धंद्यातच या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. सदरा शिवताना शिवणीच्या आत जे जादा कापड आपण सोडतो, त्याला आपले वाडवडील ‘माया’ म्हणत. ती बाहेरून दिसत नाही. पण मुलगा वाढला, अंगाने भरला, की शिवण उसवून त्या मायेतून सदरा सैल करता येतो. ज्याने कापड वाचविण्याच्या लोभाने माया ठेवली नाही, त्याचा सदरा पहिल्याच वर्षी काखेत फाटतो. आणि ज्याने मायाच माया ठेवली, त्याचा सदरा गोळा होऊन अंगाला बसत नाही. कारागीर तोच, की ज्याला माया किती ठेवावी हे कळते. आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. सदरा सैल होतो, आवळतो, लांडा होतो. कापड मात्र तेच राहते. खादीचा सदरा उसवला म्हणून तो रेशमाचा होत नाही.

माणसाचेही असेच आहे. बोलणे, खाणे, पोशाख, उठण्याबसण्याच्या रीती यांत माया हवी. तेथे सैल होण्यात कमीपणा नाही. पण ज्या सुतानाण्याचे आपण विणलेले आहोत, ते सोडावयाचे नाही. प्रश्न एवढाच, की माया कोणती आणि मूळ कापड कोणते? याचे उत्तर तर्काने देण्यापेक्षा उदाहरणांनी द्यावे हे बरे.

पहिले उदाहरण आपल्या घरचे. श्रीसंत नामदेव महाराज इ. स. १२७० साली जन्मले व १३५० साली पंढरपुरी समाधिस्थ झाले. वडील दामाशेटी, माता गोणाई, पत्नी राजाई. घरचा धंदा शिवणकामाचा. ज्ञानेश्वर महाराजांनी १२९६ साली आळंदीस समाधी घेतली आणि पुढे नामदेवराय उत्तरेकडे निघाले. पंजाबात गुरुदासपूर जिल्ह्यात घुमान नावाचे गाव आहे. तेथे त्यांनी दीर्घकाळ वास्तव्य केले असे परंपरा सांगते. आता विचार करा. भीमाकाठचा हा मनुष्य. तेथे ना मराठी कोणास कळे, ना पंढरीची वारी कोणास ठाऊक. महाराजांनी काय केले? “मी मराठीखेरीज बोलणार नाही” असा हट्ट धरला नाही. त्या लोकांची बोली त्यांनी आपलीशी केली, त्यांच्या चालीत पदे रचिली. शिखांचे पाचवे गुरू श्री अर्जुनदेव यांनी १६०४ साली ग्रंथसाहेबाची सिद्धता केली, तेव्हा नामदेवरायांची पदे त्यात आदराने घेतली गेली. आजही गुरू ग्रंथसाहेबात त्यांची एकसष्ट पदे आहेत आणि कोट्यवधी शीख बांधव त्या ग्रंथापुढे मस्तक ठेवतात.

परंतु त्याच पदांत शोधले असता काय आढळते? भाषा उत्तरेची, पण नाव विठ्ठलाचे. तसेच आपली जात आणि आपला धंदा महाराजांनी परमुलखात झाकला नाही. एका पदात तर त्यांनी मनाला गज आणि जिभेला कात्री कल्पून आपल्या धंद्यातूनच ईश्वरभक्ती सांगितली आहे. गज आणि कात्री! पंढरपुरात दामाशेटींच्या दुकानात जी हत्यारे होती तीच. भाषा सोडली, पोशाख सोडला असेल, अन्नही बदलले असेल. देव आणि सत्य सोडले नाही. म्हणून त्या मुलखाने त्यांना आपले मानले. २०१५ सालच्या एप्रिल महिन्यात अठ्ठ्याऐंशीवे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली घुमान येथे भरले, तेव्हा इकडून गेलेल्या मराठी माणसांचे तेथील लोकांनी केवढ्या प्रेमाने स्वागत केले ते अनेकांनी लिहून ठेवले आहे. सुमारे साडेसहाशे वर्षांपूर्वी एका शिंप्याने ठेवलेली माया अद्याप उपयोगी पडते आहे!

दुसरे उदाहरण कोकणातले. अलिबाग-पनवेलच्या भागात बेने इस्राएल नावाचे यहुदी लोक शतकानुशतके राहिले. त्यांचे पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्यास लागले अशी त्यांच्यात आख्यायिका आहे. त्यांनी घाणे घातले, तेल गाळले. ज्या गावी राहिले त्या गावाचे नाव पुढे ‘कर’ लावून आडनाव म्हणून घेतले. मराठी तर त्यांच्या घरची भाषा झाली. १८८० च्या सुमारास त्यांनी हरिदासांच्या कीर्तनाची पद्धत उचलून आपल्या धर्मग्रंथातील कथा मराठीतून गाऊन सांगण्यास आरंभ केला. पोहे, नारळ, साखर व फळे यांचा मलिदा करून ते आपल्या पैगंबराचे स्मरण करतात. इतके ते इथल्या मातीत मिसळले. तथापि शनिवारी त्यांचा घाणा बंद म्हणजे बंद! गिऱ्हाईक येवो अथवा न येवो, शब्बाथ पाळावयाचाच. यामुळे आसपासचे लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. पाहा, की ज्या गोष्टीत ते वेगळे राहिले, तीच त्यांची ओळख झाली. आणि त्या वेगळेपणाचा गावाने कधी राग धरला नाही, कारण उरलेले सहा दिवस ते गावाच्या उपयोगी पडत होते.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. १९४८ साली इस्राएल राष्ट्र निर्माण झाल्यावर यांतील पुष्कळ कुटुंबे तिकडे गेली. तेथे त्यांच्याच धर्मबांधवांपैकी काहींनी त्यांच्या यहुदीपणाविषयी शंका घेतली आणि विवाहप्रसंगी अडचणी आणल्या. या लोकांनी आंदोलन केले, आणि १९६४ साली ते सर्व बाबतींत इतर यहुद्यांच्या बरोबरीचे आहेत असे तेथील संसदेने जाहीर केले. कोकणात परके असून जे आपले ठरले, त्यांना आपल्यांत जाऊन आपलेपणा सिद्ध करावा लागला! तरीही त्यांनी मराठी टाकली नाही. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी त्या वाळवंटी देशात चालविले. एका हाताने धर्म आणि दुसऱ्या हाताने भाषा त्यांनी धरून ठेवली. आणि यांत विरोध आहे असे त्यांना वाटले नाही.

तिसरे उदाहरण तंजावरचे. सरफोजी राजे १७७७ साली जन्मले. तुळजाजी महाराजांनी त्यांना दत्तक घेतले आणि पुढे श्वार्ट्‌झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. लहान वयाचा राजपुत्र, गुरू परधर्मी, राज्य कंपनी सरकारच्या मेहेरबानीवर! दुसरा कोणी असता तर एक तर गुरूचा धर्म घेता, नाही तर गुरूचा द्वेष करता. सरफोजींनी दोन्ही केले नाही. १७९८ साली ते गादीवर आले. त्यांनी पाश्चात्त्य विद्या आत्मसात केल्या, वैद्यक, शरीरशास्त्र इत्यादी विषयांची युरोपीय पुस्तके आणविली आणि त्याच सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी पोथ्यांचा संग्रह वाढविला. स्वधर्म सोडला नाही. १८०३ साली बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतींवर आपल्या भोसले कुळाचा इतिहास त्यांनी मराठीत कोरविला. आणि गुरू निवर्तल्यावर त्यांच्या स्मरणार्थ विलायतेतील नामांकित शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक घडवून तंजावरच्या चर्चमध्ये बसविले. मंदिराच्या भिंतीवर पूर्वज आणि चर्चच्या भिंतीवर गुरू, असे दोघांचे ऋण एकाच मनुष्याने फेडले. दुसऱ्याचा मान राखण्यासाठी आपला मान टाकावा लागत नाही, हा धडा यातून घ्यावा.

येथवर थोरांच्या गोष्टी झाल्या. त्या सांगणे सोपे असते. पण नुसत्या थोरांच्या गोष्टी सांगून खाली बसलो, तर आम्ही आपणांशी व स्वतःशी प्रामाणिक राहिलो नाही असे होईल. म्हणून आता आमच्या स्वतःच्या दोन चुका सांगतो.

आमचे वडील तालुक्याच्या गावी बाजारपेठेत एका ओट्यावर पायमशीन मांडून बसत. शाळांचे गणवेश, शेतकऱ्यांच्या बंड्या, लग्नसराईत मुलांचे सदरे शिवावेत आणि त्यावर आमचे शिक्षण करावे. आम्ही अध्यापक विद्यालयात गेलो तेव्हा सोबतची मुले बागायतदारांची, नोकरदारांची. एकाने विचारले, “वडील काय करतात?” आमच्या तोंडून उत्तर गेले, “कापडाचा व्यापार.” मित्र हो, यात पूर्ण खोटे नव्हते, आणि म्हणूनच ते अधिक वाईट होते. दोन वर्षे आम्ही कापडाच्या व्यापाऱ्याचे चिरंजीव म्हणून वावरलो. सोबत्याच्या विजारीची शिवण सुटली तर चार टाके घालून देण्यास हात शिवशिवत. पण ओळख उघडी पडेल म्हणून हात खिशात ठेवीत असू. सर्वांत मिसळलो होतो, सर्वांना प्रिय होतो. आणि ज्याच्यावर त्यांचे प्रेम होते तो मनुष्य आम्ही नव्हतोच.

ही चूक लहान. पण लहान चूक मोठ्या चुकीचे माप घेऊन ठेवते. पहिली नेमणूक १९७८ साली एका आडगावी झाली. गाव चांगले, शिक्षकाला मान होता. कोणी दूध आणून द्यावे, कोणी भाजी. हनुमान जयंतीस गावजेवण असे. शाळेच्या मुलांनी देवळापुढे पदे म्हणावयाची आणि मग पंगतीस बसावयाचे अशी पद्धत होती. आमच्या वर्गात बौद्ध वस्तीतील एक मुलगा होता. चौथीत पहिला, आवाज गोड. त्या दिवशी पदे त्यानेच पुढे होऊन म्हटली आणि सर्व गावाने मान डोलावली. पुढे पंगत मांडली गेली. त्याची पत्रावळ मात्र आवाराच्या फाटकाबाहेर लिंबाखाली मांडली होती. तो तेथे गेला, बसला आणि त्याने आमच्याकडे पाहिले.

आम्ही काय केले? आम्ही भोजनाचा श्लोक म्हणण्यास सुरुवात केली. शिक्षकानेच श्लोक सुरू करावा अशी रीत होती, आणि गावाची रीत मोडून वेगळे दिसण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. पंगत उठली, विडा मिळाला, “गुरुजी आमच्यात अगदी मिळून गेले” असे चार वडीलधारे म्हणाले. दुसऱ्या दिवशी आम्ही हजेरी घेतली. त्या मुलाचे नाव आले तेव्हा तो “हजर” म्हणाला, आणि त्याने वर पाहिले नाही.

आता हे कोणापुढे आम्ही सांगतो आहोत? नामदेवरायांच्या ज्ञातीपुढे! मंगळवेढ्यास गावकुसाची भिंत कोसळून चोखोबाराय १३३८ साली वारले, तेव्हा नामदेव महाराज तेथे गेले, ढिगाऱ्यातून त्यांच्या अस्थी वेचून पंढरीस आणल्या आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधविली, असे वारकरी परंपरा सांगते. ज्यांना जिवंतपणी राउळात जाता आले नाही, त्यांना महाराजांनी देवाच्या दारी आणून बसविले. आणि स्वतः तर पायरी झाले. पुढे सहाशे वर्षांनी, १९४७ च्या मे महिन्यात, साने गुरुजींना त्याच मंदिराचे दार हरिजनांना उघडावे म्हणून दहा दिवस प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. हे सर्व आम्हांस ठाऊक होते. नामदेवांचे चरित्र आम्ही त्याच वर्गात शिकविले होते. पण ज्या क्षणी ते उपयोगास यावयाचे, त्या क्षणी आम्ही श्लोक म्हणत होतो. ज्याने आपला बाप झाकला, त्याला दुसऱ्याच्या मुलासाठी तोंड कोठून असणार?

सुमारे वर्षभर हे मनात सलत राहिले. त्या सुमारास वडिलांची दृष्टी अधू झाली व दुकान बंद करावे लागले. आम्ही त्यांची मशीन बैलगाडीत घालून गावी आणली आणि शाळेच्या ओसरीत मांडली. संध्याकाळी मुलांचे फाटके सदरे, उसवलेल्या चड्ड्या दुरुस्त करून देऊ लागलो. लोकांनी नवल केले. “गुरुजी, हे कोठे शिकलात?” आम्ही सांगितले, “आम्ही शिंप्याचे. वडील ओट्यावर बसून शिवीत.” हे वाक्य उच्चारण्यास आम्हांस तीन वर्षे उशीर झाला होता, पण ते उच्चारल्यावर छातीवरचा दगड उतरल्यासारखे वाटले, आणि आमचा मान एका दोऱ्याइतकाही कमी झाला नाही.

पुढची हनुमान जयंती जवळ आली. आम्ही गावच्या प्रमुख मंडळींकडे जाऊन हात जोडून सांगितले, “मुले पदे म्हणतील. पण जेवावयास बसतील ती हजेरीपटाच्या क्रमाने. ते शक्य नसेल तर पदे म्हणून ती शाळेत परत येतील.” एक वयोवृद्ध गृहस्थ म्हणाले, “गुरुजी, आजवर आमच्यात मिसळून होता. आता काय झाले?” आम्ही उत्तर दिले, “आप्पा, मिसळूनच राहावयाचे आहे. पण सगळ्या मुलांसह.” त्या वर्षी मुले पदे म्हणून शाळेत परतली आणि आम्ही सर्वांनी मिळून पिठले-भाकरी खाल्ली. त्यानंतर काही महिने दूध बंद झाले, बोलावणी बंद झाली. आमच्या मंडळींना त्याचा फार त्रास झाला. ते आम्ही विसरलो नाही. पण मशीन चालूच ठेवली. बायाबापड्या पोरांचे कपडे घेऊन येतच राहिल्या. फाटलेला सदरा काही रुसून बसत नाही. दुसऱ्या वर्षी त्या आप्पांनीच निरोप धाडला, की मुलांना पटाप्रमाणे बसवा. दोन-चार घरची माणसे पंगतीस आली नाहीत. पंगत मात्र झाली.

ही गोष्ट येथे संपली असती तर ती आमच्या मोठेपणाची झाली असती. पण तसे नाही. ज्या मुलासाठी हे करावयाचे होते, तो तोवर पुढील शिक्षणासाठी दुसऱ्या गावी गेला होता. त्या पंगतीत तो नव्हता. त्याच्या वेळी आम्ही गप्प बसलो, हे खरे. आणि नंतर केलेल्या कोणत्याही गोष्टीने ते पुसले जात नाही. शिवण उसवून पुन्हा घालता येते; कात्रीने कापलेले जुळत नाही.

या अनुभवातून आम्हांस जे समजले ते त्या बंगळुराच्या मुलासाठी आणि सर्व तरुणांसाठी तीन कसोट्यांच्या रूपाने सांगतो.

पहिली कसोटी अशी: बाहेर जे केले ते घरी, आणि घरी जे आहे ते बाहेर, न अडखळता सांगता येते काय? तिकडे भाताबरोबर सांबार खाल्ले, कानडी शिकलास, त्यांच्या सणाला त्यांच्यासारखे कपडे घातलेस. हे आईला आनंदाने सांगता येईल. म्हणजे ती माया झाली. खुशाल सैल कर. पण जेथे आईबापांचा धंदा, गाव, बोली झाकावी लागते, तेथे तू मिसळला नाहीस, लपला आहेस. मिसळणे आणि लपणे यांतील भेद ओळखावा.

दुसरी कसोटी: आपल्या मिळून राहण्याची किंमत कोण देतो? आपण स्वतः थोडी गैरसोय सोसली, तर तो समजूतदारपणा होय. पण चौघांत आपले स्थान टिकावे म्हणून पाचव्याचा अपमान मुकाट्याने पाहिला, तर ती किंमत त्या पाचव्याने दिली. कचेरीत सगळे मिळून एखाद्याची टर उडवितात आणि आपण हसण्यात हसणे मिसळतो. तेव्हा लिंबाखालची ती पत्रावळ आठवावी.

तिसरी कसोटी: आपण त्यांच्या उपयोगी पडतो काय? नुसते वेगळे राहून “आम्ही आमचे” म्हणणारा मनुष्य ताठ असतो, खरा असतोच असे नाही. घुमानच्या लोकांना नामदेवरायांनी भक्तीचा मार्ग दिला. कोकणच्या गावांना तेल मिळाले. आम्हांस गावाने पुन्हा जवळ केले ते आमच्या तत्त्वामुळे नव्हे, आमच्या मशीनमुळे. जो उपयोगी पडतो त्याचा वेगळेपणा लोक सोसतात, पुढे त्याचा आदरही करतात.

आता शेवटची गोष्ट. ती काहींना रुचणार नाही, पण वय झाले आहे आणि पुढल्या संमेलनास आम्ही असू नसू. बाहेरच्या जगात मिसळताना आपलेपण कसे राखावे हे आपण मुलांना शिकवितो. पण ज्ञातीच्या आतही हाच प्रश्न नाही काय? चार सोयऱ्यांत कमी दिसू नये म्हणून कर्ज काढून मंगल कार्यालये घेतली जातात. मुलीचा बाप मनातून नको म्हणत असतो, पण देण्याघेण्याच्या बैठकीत मान हलवितो. हेही मिसळणेच, आणि याचीही किंमत दुसराच कोणी देतो, बहुधा ती मुलगी.

आणि आणखी एक. आपल्यातील एक कुटुंब दोन वर्षांपासून या संमेलनास येत नाही. नाव घेण्याचे कारण नाही. त्यांच्या कन्येने ज्ञातीबाहेर विवाह केला. मंडळाने त्यांना येऊ नका असे कधी म्हटले नाही. पण या म्हणूनही कोणी गेले नाही. त्यांच्या घरावरून जाताना आपण मान वळवितो, आणि आम्हीही दोन वर्षे तेच केले. फाटकाबाहेर पत्रावळ मांडावयास हातच लागतात असे नाही. गप्प बसल्यानेही ती मांडली जाते. ज्यांच्या पूर्वजाने चोखोबांच्या अस्थी उराशी धरल्या, त्या ज्ञातीच्या पंगतीत स्वतःच्याच लेकीला जागा नसावी हे आम्हांस पटत नाही. परवा आम्ही त्यांच्या घरी जाऊन आलो. चहा घेतला. पुढील वर्षी त्यांना व त्यांच्या जावयाला आमंत्रण द्यावे, आणि ते मंडळाच्या नावे द्यावे, अशी आमची अध्यक्षांस नम्र विनंती आहे. मंडळ विचार करील तो करो. आम्ही आमच्या शेजारची जागा त्यांच्यासाठी धरून ठेवणार आहोत.

बंधुभगिनींनो, सदरा बेतताना गिऱ्हाइकाचे माप घ्यावे लागते, पण कात्री आपल्या हाती असते. जगाचे माप अवश्य घ्यावे. कात्री जगाच्या हाती देऊ नये. आणि शिवणीत माया ठेवण्यास विसरू नये. कापडातली माया आणि मनातली माया यांना आपल्या भाषेने एकच शब्द का दिला असेल, याचा विचार घरी जाताना प्रत्येकाने करावा.

फार वेळ घेतला. शिक्षकाची खोड जात नाही. काही उणे-अधिक बोलले गेले असल्यास वडीलधाऱ्यांनी पोटात घालावे. 

राम कृष्ण हरि.